दिवा, धूर आणि नांगरलेले वावर: नागपूरजवळील एका हेलिकॉप्टर अपघाताचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील माणसे, कंपनी आणि गाव यांची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि त्यामागची कारणे मात्र आहेत तशीच ठेवली आहेत. हेलिकॉप्टर एका बारीकशा इशाऱ्यामुळे खाली उतरवले गेले आणि उतरतानाच उलटले. ज्या बिघाडाच्या भीतीने ते उतरवले, तो बिघाड पुढे सापडलाच नाही. म्हणून वैमानिक उगाच घाबरला, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. तो चुकीचा आहे असे माझे मत असून पुढील मांडणी त्याच अंगाने केली आहे.

पार्श्वभूमी

मे महिन्याच्या उत्तरार्धात चार आसनांचे, एका पिस्टन इंजिनचे हेलिकॉप्टर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून पश्चिमेला, कळमेश्वर ओलांडून काटोलच्या दिशेने निघाले. प्रस्तावित उच्चदाब वीजवाहिनीच्या मार्गाची वरून छायाचित्रे घ्यायची होती. वैमानिक पुढे उजव्या आसनावर होता, काम देणाऱ्या कंपनीचा अभियंता त्याच्या डावीकडे आणि छायाचित्रकार वैमानिकाच्या मागे, उजव्या बाजूचे दार काढून बसला होता. तिघांपैकी दोघे आणि बहुतेक सगळी उपकरणे उजवीकडे होती. वजनाचा तक्ता मर्यादेत बसत होता, त्यामुळे त्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नाही.

उड्डाण सकाळी सातचे ठरले होते. पिस्टन इंजिनला लागणारे ॲव्हगॅस देशात मोजक्याच ठिकाणी मिळते आणि विमानतळावर मोठ्या विमानांसाठी असलेले एटीएफ (जेट इंजिनांचे इंधन) त्याला चालत नाही. पिंपे उशिरा आली, आणि पुढे कुठे इंधन मिळणार नाही म्हणून टाक्या काठोकाठ भरल्या गेल्या. हेलिकॉप्टर साडेअकराच्या सुमारास उडाले तेव्हा सावलीतले तापमान 43 अंश होते. सात वाजता अर्ध्या टाकीवर जे काम सहज झाले असते, तेच आता भरल्या टाकीने आणि भर उन्हात करायचे होते.

या उन्हाचा हिशेब आकड्यांतच मांडला पाहिजे. सोनेगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 315 मीटर उंचीवर आहे आणि काटोलकडचा भाग त्याहून थोडा उंच आहे. तापमान 43 अंश असताना आणि मे महिन्यात वातावरणाचा दाब उतरलेला असताना तिथली हवा इतकी विरळ होते की प्रमाण वातावरणाच्या, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या सरासरी वातावरणाच्या, मापाने ती 5000 फुटांहून अधिक उंचीवरच्या हवेसारखी वागते. कळसूबाईचे शिखर 1646 मीटर, म्हणजे जवळपास 5400 फूट आहे. डोळ्यांना काटोलच्या वाटेवरचे सपाट शिवार दिसत होते. पात्यांच्या लेखी मात्र ते महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्या माथ्यावर उतरण्यासारखे होते.

आणखी तीन गोष्टी नोंदवायला हव्यात. वैमानिकाचे बहुतांश उड्डाण टर्बाइन इंजिनच्या, शक्ती हाताशी शिल्लक ठेवणाऱ्या हेलिकॉप्टरवर झाले होते आणि पिस्टन हेलिकॉप्टरवर येऊन त्याला काही महिनेच झाले होते. मुख्य रोटरचा, म्हणजे डोक्यावरच्या मोठ्या पात्यांचा, गिअरबॉक्स नुकताच दुरुस्त होऊन बसवला होता. आणि महिनाभरापूर्वी याच कंपनीतील दुसरा एक वैमानिक गिअरबॉक्सचा इशारा दिवा लागूनही अर्धा तास उडत तळावर परतला होता. त्या वेळी तेलात धातूच्या कपच्या निघाल्या. त्याची कानउघाडणी झाली आणि सर्वांसाठी एका ओळीची सूचना निघाली: चिपचा दिवा लागताच उतरावे.

अडचण

गिअरबॉक्सच्या तेलात चिप डिटेक्टर नावाचा लोहचुंबकी खटका बसवलेला असतो. दातांचा किंवा बेअरिंगचा पोलादी कण सुटला की तो चुंबकाला चिकटतो, दोन टोकांमधली फट भरून निघते आणि वैमानिकासमोरचा दिवा पेटतो. फटीत बसलेला कण मोठी कपची आहे की नव्या दातांची रुळतानाची बारीक भुकटी, हे दिव्याला सांगता येत नाही. म्हणूनच उड्डाण पुस्तिका दिव्यासोबतच्या इतर लक्षणांकडे पाहायला लावते. या वर्गातील सर्वपरिचित रॉबिन्सन आर44 च्या पुस्तिकेत याची स्पष्ट प्रतवारी आहे: आवाज, थरथर किंवा तापमानवाढ सोबत असेल तर ताबडतोब उतरा, दुसरे कोणतेही लक्षण नसेल तर व्यवहार्य असेल तितक्या लवकर उतरा. ताबडतोब म्हणजे खाली जी जागा असेल तिथे. व्यवहार्य म्हणजे जिथे नीट उतरता येईल अशा जवळच्या जागी, आणि ती विमानतळही असू शकते.

काटोल अजून दूर असताना, जमिनीपासून सुमारे 800 फुटांवर मुख्य गिअरबॉक्सचा चिप दिवा लागला. तापमानाचा दिवा बंद होता आणि तेलाचा दाबही ठीक होता. प्रश्न थरथरीचा होता. मागचे दार काढल्यावर आत शिरणाऱ्या वाऱ्याने केबिन थोडी घुमते, हे हेलिकॉप्टरवाल्यांना माहीत असते. आताची थरथर त्यातलीच की वेगळी, याचे उत्तर वैमानिकाला देता येईना. नंतरच्या जबाबात त्याने म्हटले की दिवा लागल्यावर ती आपल्याला जास्त जाणवू लागली. यात खोटे काही नाही. मन एकदा त्या जागी लागले की तिथेच काहीतरी हलताना भासते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नागपूरला परतण्याचा होता. अंतर सुमारे 35 किलोमीटर, म्हणजे बारा-तेरा मिनिटे. मात्र शेवटचा टप्पा दाट वस्तीवरून जाणार होता आणि गिअरबॉक्सची शंका असताना छपरांवरून उडणे कोणाला रुचणार? दुसरा पर्याय कळमेश्वरच्या बाजूला एखादे मोकळे मैदान गाठण्याचा होता. त्याला पाचेक मिनिटे लागली असती. वाटेत सगळीकडे शेते असल्याने लक्षणे वाढली असती तरी खाली जागा होतीच, आणि मैदानाला गाडीरस्ता असल्याने मेकॅनिकही पोहोचू शकला असता. तिसरा पर्याय दिसेल त्या पडीत जमिनीवर किंवा गायरानावर, आधी वरून एक फेरी मारून, उतरण्याचा होता. चौथा पर्याय लगेच, सरळ समोर उतरण्याचा.

माझ्या मते दुसरा आणि तिसरा हे दोन्ही पर्याय योग्य ठरले असते. पहिल्यावर वाद होऊ शकतो. चौथा पर्याय थरथर निश्चित असती तरच समर्थनीय होता. परंतु चार शब्दांच्या सूचनेने पहिले तिन्ही पर्याय वैमानिकाच्या डोळ्यांसमोरून आधीच पुसले होते.

प्रत्यक्ष काय घडले

छायाचित्रकाराचा कॅमेरा चालू राहिला होता, त्यामुळे पुढचा क्रम सेकंदांसह कळतो. दिवा लागल्यापासून स्किड (हेलिकॉप्टर ज्यावर टेकते त्या खालच्या दांड्या) जमिनीला टेकेपर्यंत पावणेतीन मिनिटे गेली.

वैमानिकाने प्रथम नागपूरच्या दिशेने, म्हणजे पूर्वेकडे वळण घेतले, नियंत्रण कक्षाला कळवले आणि उंची सोडायला सुरुवात केली. ही तिन्ही कामे शांतपणे आणि योग्य क्रमाने झाली. सुमारे एका मिनिटाने समोर मुरमाड गायरान दिसले आणि त्याने सोबत्यांना सांगितले, “इथेच उतरतोय, पट्टे घट्ट करा.” फेरी न मारता तो सरळ खाली येऊ लागला. जमीन दीडशे फुटांवर आली असताना मागून छायाचित्रकार ओरडला, “सर, तारा!” गायरानाच्या कडेने कृषिपंपांची 11 केव्हीची वाहिनी जात होती. खांब बाभळींच्या आड होते आणि तारा दुपारच्या उजेडात दिसत नव्हत्या.

वैमानिकाने हेलिकॉप्टर उजवीकडे घेतले. त्या बाजूला तपकिरी, एकसारखे, रिकामे वावर होते. तेच आता उतरण्याचे ठिकाण झाले. हा बदल करायला त्याला चार सेकंद लागले.

त्या दिवशी वारा वायव्येकडून होता, विदर्भातल्या मे महिन्यातल्या दुपारी असतो तसा कोरडा आणि झोतांचा. पूर्वेकडे तोंड करून उतरणाऱ्या हेलिकॉप्टरला तो डाव्या बाजूने, मागून लागत होता. पाठीवर वारा असला की जमिनीवरून धावण्याचा वेग भरपूर दिसतो, पण पात्यांवरून जाणाऱ्या हवेचा वेग कमी असतो. अंदाजे 16 ते 24 नॉट (ताशी 30 ते 45 किलोमीटर) हवेच्या वेगाखाली आल्यावर पुढे जाण्यातून मिळणारी जादा उचल नाहीशी होते. समोरून वारा असता तर ही उचल अगदी शेवटपर्यंत टिकली असती; इथे ती वावराच्या बरीच वर असतानाच गेली आणि हेलिकॉप्टर खचू लागले.

वैमानिकाने कलेक्टिव्ह, म्हणजे पात्यांची उचल वाढवणारा दांडा, ओढले. टर्बाइनच्या सवयीने त्याला वाटले होते की ओढल्यावर शक्ती मिळेल. विरळ हवेत भरल्या टाकीच्या हेलिकॉप्टरकडे द्यायला फारसे काही उरले नव्हते. पात्यांचे फेरे उतरले, कमी आरपीएमचा भोंगा वाजला आणि त्याच वेळी कोरड्या काळ्या मातीचा लोट उठून जमीन दिसेनाशी झाली. उजवी स्किड आधी टेकली, तीही उजवीकडे सरकत असताना.

वावर उन्हाळी नांगरटीचे होते. काळ्या कापसाच्या जमिनीत मे महिन्यात खोल नांगरट केली की घागरीएवढाली ढेकळे निघतात. ती पहिल्या पावसात विरघळतात, तोवर दगडासारखी असतात. वरून पाहताना मात्र असे रान चापूनचोपून सारवल्यासारखे दिसते. उजवी स्किड दोन ढेकळांच्या मध्ये अडकली, हेलिकॉप्टर तिच्याभोवती कलू लागले, आणि वैमानिकाने सुटण्यासाठी कलेक्टिव्ह आणखी वर घेतले. पुढच्या दोन सेकंदांत ते उजव्या कुशीवर पडले आणि पात्यांचे तुकडे झाले.

परिणाम

तिघेही जिवंत बाहेर आले. वैमानिकाच्या उजव्या खांद्याचे हाड मोडले. छायाचित्रकाराचा सुरक्षा पट्टा आखूड बांधलेला असल्याने तो उघड्या दारातून बाहेर फेकला गेला नाही; हातावर खोल जखम झाली तेवढीच. अभियंता डाव्या, म्हणजे आता वर आलेल्या आसनाला पट्ट्याने लटकत होता. हाताने कशाचाही आधार न घेता त्याने पट्टा सोडला आणि तो वैमानिकाच्या अंगावर पडून त्याची मान मुरगळली. ही इजा अपघाताने झालेली नाही. उड्डाणापूर्वीच्या सूचनांत एक वाक्य असते तर ती टळली असती.

वैमानिकाने मोडक्या खांद्याने इंजिनाचे इंधन-हवा मिश्रण, इंधन झडप आणि बॅटरी बंद केली. टाकीतून इंधन फारसे सांडले नाही. या वर्गातील जुन्या हेलिकॉप्टरांच्या धातूच्या टाक्या आपटल्यावर फाटत आणि पेट घेत. त्यावर उपाय म्हणून रॉबिन्सनने 2010 मध्ये जुन्या आर44 साठीही रबरी पिशवीच्या टाक्या बसवण्याची सूचना काढली होती. या हेलिकॉप्टरला तशाच टाक्या होत्या. हे सांगण्याचे कारण असे की शेजारच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, पेटवलेला होता. पेरणीआधी धुऱ्यावरचे गवत आणि काडीकचरा जाळण्याची आपल्याकडे रीतच आहे. धावत आलेल्या शेतकऱ्यांपैकी एकाने, कोणी न सांगता, आधी त्या आगीवर माती लोटली आणि मग माणसांना बाहेर काढायला हात लावला. बिडी विझवा, असे तो बाकीच्यांवर ओरडल्याचेही कॅमेऱ्यात ऐकू येते. 108 ची रुग्णवाहिका आल्यावर तिघांना नागपूरला हलवण्यात आले आणि अवशेष नियमाप्रमाणे तपासाधिकारी येईपर्यंत जागेवरच ठेवले गेले.

चिप डिटेक्टरवर काळसर, लोण्यासारखी मऊ भुकटी मिळाली. कपची एकही नव्हती. गिअरबॉक्स उघडल्यावर दात आणि बेअरिंग निर्दोष आढळले.

निर्णयाचे क्षण

पहिला क्षण दिवा लागल्यानंतरचा आहे. उतरायचे ठरवणे बरोबरच होते. भुकटी की कपची हे हवेत कळत नाही, आणि खाली आल्यावर भुकटी निघाली म्हणून वरचा निर्णय चुकीचा ठरत नाही. चूक दिलेल्या वेळेच्या मोजमापात झाली. तापमान स्थिर होते आणि थरथर संशयास्पद, पण वाढत नव्हती. अशा स्थितीत शक्ती थोडी कमी करून, वेग उतरवून अर्धा मिनिट थरथर बदलते का हे पाहता आले असते. वाऱ्याची घुसळण वेगाबरोबर कमी होते; गिअरबॉक्सची थरथर वेग बदलला म्हणून तशी कमी होईलच असे नाही. तेवढ्या एका चाचणीने “ताबडतोब” आणि “व्यवहार्य तितक्या लवकर” यांतला फरक बहुधा उलगडला असता.

दुसरा क्षण फेरी न मारण्याचा. 800 फुटांवरून जागेभोवती एक चक्कर मारायला साधारण दीड मिनिट लागते. आमच्या प्रशिक्षण वर्गात याला “वारा, तारा, उतार, माती” म्हणतात आणि हा क्रम मुद्दामच तसा लावलेला आहे: वारा चुकला की बाकीचे तिन्ही नीट पाहूनही उपयोग होत नाही. येथे चारही गोष्टी पाहायच्या राहिल्या. त्यातही वाऱ्याची चुकामूक मनाला लागते, कारण त्या पेटवलेल्या धुऱ्याचा धूर कॅमेऱ्यात सलग दोन मिनिटे दिसतो, आग्नेयेकडे आडवा वाहताना. विमानतळावरचा वाऱ्याचा पायमोजाही इतके स्वच्छ सांगत नाही. वैमानिकाने पूर्वेकडे तोंड केले ते नागपूर तिकडे होते म्हणून, आणि नागपूरचा विचार सोडून दिल्यावरही तोंड तिकडेच राहिले.

तिसरा क्षण तारा दिसल्यानंतरचा, आणि सगळ्या प्रकरणात मला तोच निर्णायक वाटतो. त्या वेळी हेलिकॉप्टरला अजून पुरेसा वेग होता. हा प्रयत्न रद्द करून, सरळ वर काढून, वाऱ्याकडे तोंड करून पुन्हा येणे शक्य होते. तारा आडव्या आल्या म्हणजे ती जागा बाद झाली एवढेच नव्हे, तर तिथे उतरण्याची सगळी आखणीच बाद झाली; वैमानिकाने जागा बदलली, पण वेग, दिशा आणि उतरण्याचा कोन जुन्या जागेचेच ठेवले. बाजूचे वावर निवडताना त्याने ते पाहिले नव्हते. फक्त तिथे तारा नाहीत एवढेच पाहिले होते.

चौथा क्षण स्किड अडकल्यावरचा. एका स्किडभोवती हेलिकॉप्टर कलू लागले की साधारण 5 ते 8 अंशांपलीकडे सायक्लिकने (हेलिकॉप्टर बाजूला वा पुढे-मागे कलवणाऱ्या दांड्याने) ते सावरता येत नाही, कारण रोटरची उचलच त्याला आणखी फिरवू लागते. वरून पाहता पाती घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतील तर टेल रोटरचा, म्हणजे शेपटीवरच्या लहान पात्यांचा, रेटा उजवीकडे असतो. म्हणून उजवी स्किड टेकलेली, वारा डावीकडून आणि वजन उजवीकडे हा सर्वांत वाईट जुळून येणारा मेळ समजला जातो. येथे तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. उपाय एकच, कलेक्टिव्ह हळू पण निश्चितपणे खाली. अंगात भिनलेली सवय मात्र उलटी असते: जमीन त्रास देऊ लागली की माणूस वर निसटू पाहतो. हे पुस्तकात वाचून सुटत नाही. प्रशिक्षकासोबत, सुरक्षित उंचीवर नव्हे तर जमिनीलगत, कलेक्टिव्ह सोडण्याचा सराव केलेला असावा लागतो, आणि या वैमानिकाला पिस्टनवर येताना तो मिळालेला नव्हता.

वेगळे काय करता आले असते

उड्डाण सुरू होण्याआधीच दोन गोष्टी बदलता आल्या असत्या. साडेअकराला निघायचे तर इंधन कमी घ्यायचे किंवा काम दुसऱ्या दिवशी सकाळवर टाकायचे. सातचा वजनाचा तक्ता साडेअकराला वापरणे म्हणजे कागदावर 28 अंश आणि बाहेर 43 अंश, असा प्रकार होता. दुसरे, दार काढून पहिल्यांदा उडताना कोणत्या वेगाला किती थरथर येते याची नोंद करून ठेवायला हवी होती. ती असती तर ऐन वेळी आठवणीशी तुलना करण्याऐवजी कागदाशी तुलना झाली असती.

सोबत्यांचा वापर हा दुर्लक्षित मुद्दा आहे. छायाचित्रकाराची नजर सवयीने तारांवर होती, कारण त्याचे कामच वाहिन्यांचे होते. त्याला आणि अभियंत्याला दिवा लागताच “तुम्ही तारा पाहा, तुम्ही धूर पाहा” एवढे सांगितले असते तर इशारा दीडशे फुटांवर नव्हे, पाचशे फुटांवर आला असता.

कंपनीच्या सूचनेबद्दल थोडे कडक लिहावे लागेल. आधीच्या वैमानिकाने उतरायला उशीर केला, ही चूक खरी होती. पण तिच्यावर काढलेला उपाय पुस्तिकेतली प्रतवारी मोडणारा होता. अपघातानंतर कंपनीने ती ओळ मागे घेतली आणि पुस्तिकेतील मूळ मजकूर, मराठी भाषांतरासह, प्रत्येक हेलिकॉप्टरमध्ये लावला. त्याखाली “जागा बदलली तर फेरी पुन्हा” अशी एक ओळ वैमानिकांनीच सुचवून वाढवली. मे आणि जून महिन्यांत दार काढून करायची कामे सकाळी नऊच्या आत संपवण्याचा नियमही झाला.

वैमानिकाला पुन्हा उड्डाणाची परवानगी मिळण्यापूर्वी जमिनीलगतच्या सरावाचे काही तास करावे लागले. वावराच्या मालकाला नुकसानभरपाई मिळाली. रुग्णवाहिका, पोलिसांची गाडी आणि अवशेष नेणारी क्रेन यांनी जमीन इतकी दाबली होती की मृगाच्या आधी त्याला ते रान पुन्हा नांगरावे लागले.